मुरलेला पहिला अल्बम

अमेरिकेत बॉस्टन शहराला लागून वॉटरटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या तळघरात, घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीशेजारी, १९७०च्या दशकात एक तरुण इंजिनिअर नोकरीवरून आल्यावर गिटार घेऊन बसायचा. टॉम शोल्झ त्याचं नाव. एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या घेतलेल्या, दिवसा पोलरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीत काम. पगारातून मागे पडेल तो पैसा टेपरेकॉर्डर, मायक्रोफोन आणि वायरींत जायचा. तळघर एवढं अडचणीचं की ड्रम आणि ऑर्गन दोन्ही एका वेळी मांडता यायचे नाहीत. ऑर्गन वाजवायचा झाला तर आधी ड्रमचा पसारा आवरायचा, कोपऱ्यातला ऑर्गनचा स्पीकर पुढे ओढायचा आणि मग सुरुवात करायची.

या तळघरातल्या टेप अनेक रेकॉर्ड कंपन्यांनी परत पाठवल्या. अखेर एपिक या कंपनीनं होकार दिला आणि २५ ऑगस्ट १९७६ रोजी ‘बॉस्टन’ या बँडचा ‘बॉस्टन’ याच नावाचा पहिला अल्बम बाजारात आला. गाणी आठ, लांबी पाऊण तासापेक्षाही कमी. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ७० लाख प्रतींची अधिकृत नोंद आहे. त्यानंतर बँडनं बरेच अल्बम काढले. पहिल्याच्या उंचीला त्यांतला एकही पोचला नाही.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो एका मित्राच्या घरी, झिजलेल्या कॅसेटवर. ‘मोअर दॅन अ फीलिंग’ हे पहिलं गाणं दुरून चालत आल्यासारखं, अगदी हलक्या आवाजात सुरू होतं आणि मग गिटारची भिंतच्या भिंत समोर उभी राहते. पाच-सहा गिटारवादक एकत्र बसले असतील असं तेव्हा वाटलं होतं. त्यातलं बहुतेक सगळं एकाच माणसानं वाजवलंय हे कळलं तेव्हा मी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

हे कसं जमतं ते समजून घेण्यासारखं आहे. शोल्झकडे बारा ट्रॅकचं टेपयंत्र होतं. एकाच टेपवर शेजारी शेजारी बारा पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र आवाज भरता येतो. पहिल्या पट्ट्यावर गिटार भरायची, ती कानाला लावून दुसऱ्या पट्ट्यावर तीच ओळ पुन्हा वाजवायची. माणूस कितीही तयारीचा असला तरी तीच ओळ दोनदा हुबेहूब वाजत नाही. सुरात केसभर, लयीत पापणी लवण्याइतका फरक राहतोच. एक वादन डाव्या कानाला आणि दुसरं उजव्या कानाला दिलं की त्या फरकातून आवाजाला ऐसपैस रुंदी येते. आपल्याकडे गायकाच्या मागे दोन तानपुरे का असतात, हे ज्यानं मैफलीत जवळ बसून अनुभवलंय त्याला यात नवं काही सांगायला नको. गळ्याचंही तसंच. ब्रॅड डेल्प हा गायक आपल्याच आवाजावर आपलाच आवाज चढवत जायचा. जो समूहस्वर ऐकू येतो तो सगळा एका गळ्यातून निघालेला आहे.

बारा पट्टे लवकर भरतात. मग दोन-तीन पट्ट्यांवरचे आवाज मिसळून एकावर उतरवायचे आणि बाकीचे मोकळे करून घ्यायचे. एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही आणि दर उतरवणीला टेपची खरखर थोडी वाढते. म्हणजे कुठला आवाज मोठा, कुठला लहान याचा निर्णय आत्ताच, कायमचा घ्यायचा. अशा निर्णयांना शोल्झनं वर्षं दिली. घाई करणारं कोणी नव्हतंच.

आता या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. कंपनीचा आग्रह होता की घरगुती टेप चालणार नाहीत, सगळं नव्यानं चांगल्या स्टुडिओत रेकॉर्ड करा. निर्माता जॉन बॉयलन यानं बाकीच्या बँडला लॉस एंजेलिसला नेलं आणि तिथे एक गाणं रेकॉर्ड केलं, कंपनीचं समाधान झालं. दरम्यान इकडे शोल्झ आपल्या त्याच तळघरात, त्याच यंत्रावर, उरलेला अल्बम पुरा करत होता. काम झाल्यावर शेजारच्या राज्यातून रेकॉर्डिंगचा ट्रक मागवला, तळघराच्या खिडकीतून जाडजूड केबल आत सोडली आणि बारा पट्ट्यांवरचा ऐवज ट्रकमधल्या चोवीस पट्ट्यांच्या यंत्रावर उतरवून घेतला. वर्षानुवर्षं जमिनीखाली मुरलेलं ते संगीत त्या खिडकीतून बाहेर पडलं.

मग पुढे असं काय झालं?

याचं एक तयार उत्तर संगीताच्या धंद्यात नेहमी ऐकू येतं. पहिल्या अल्बमसाठी सगळं आयुष्य मिळतं, दुसऱ्यासाठी सहा महिने. यात तथ्य खूप आहे. पहिल्या अल्बममधली गाणी कधी सुचली, कधी बदलली, कितीजणांपुढे फसली आणि सुधारली याचा हिशोबच नसतो. दुसऱ्या वेळी दौरे असतात, मुलाखती असतात, करारात तारीख लिहिलेली असते. बॉस्टनचा दुसरा अल्बम ‘डोन्ट लुक बॅक’ १९७८ मध्ये आला. शोल्झ स्वतः त्यावर नाराज होता, आपल्याला घाई करायला लावली असं त्याचं म्हणणं होतं. ऐकताना ते जाणवतं. शीर्षकगीत जोरकस आहे, पण उत्तरार्ध पातळ लागतो.

इथवर उत्तर बरोबर जुळतं. पण पुढे शोल्झनं घाई करायला साफ नकार दिला. अल्बम वेळेत दिला नाही म्हणून कंपनी कोर्टात गेली, वर्षानुवर्षं खटला चालला आणि शेवटी शोल्झ जिंकला. दरम्यान तिसरा अल्बम ‘थर्ड स्टेज’ आठ वर्षांनी, १९८६ मध्ये, दुसऱ्याच कंपनीकडून आला. यावेळी त्याला हवा तेवढा वेळ मिळाला होता, स्वतःचा स्टुडिओ होता, पैसा होता, अनुभव होता. अमेरिकेच्या खपाच्या यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. दुसराही गेला होता. मजा म्हणजे पहिला अल्बम मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधीच चढला नाही. तरी आज कोणी बॉस्टनचं नाव काढलं की लोकांच्या ओठी येतं ते १९७६चं गाणं. म्हणजे वेळ हे अर्धंच उत्तर झालं.

दुसरं अर्धं उत्तर एका इंग्रज संशोधकाकडून घेऊ. फ्रान्सिस गॉल्टन यानं १८८०च्या दशकात शेकडो कुटुंबांतल्या आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या नोंदी जमवल्या. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच होती, पण सरासरीनं आईवडिलांइतकी नाही. खूप बुटक्यांची मुलं बुटकी होती, पण तेवढी नाही. टोकाला पोचायला अनेक गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात आणि त्या सगळ्या पुढच्या खेपेला पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे टोकानंतरची पायरी सहसा मधल्या बाजूला सरकते. अल्बमचंही असंच आहे. आपण ज्यांच्या पहिल्या अल्बमची चर्चा करतो ते टोकाला जन्मलेले असतात. उलट रेडिओहेड या बँडचा १९९३चा पहिला अल्बम ‘पाब्लो हनी’ साधारणच होता, म्हणून त्यांच्यापुढे चढायला सगळा डोंगर शिल्लक राहिला. चार वर्षांत ते ‘ओके कम्प्युटर’पर्यंत चढले. बीटल्सनी पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड केली होती. तो दिवस ऐकायला आजही विलक्षण वाटतो, पण शिखर अजून दूर होतं.

गॉल्टनचं गणित मला पटतं. मात्र ते उंची सांगतं, चव सांगत नाही. पहिल्या अल्बमची जी चव पुढे हरवते ती मला वाटतं एका गोष्टीमुळे असते. तो तयार होत असताना त्याची कोणीही वाट पाहत नसतं. तळघरातल्या शोल्झला एकाच कानाच्या पसंतीला उतरायचं होतं, स्वतःच्या. १९८६ मध्येही तो एकटाच काम करत होता, पण आता खोलीत आणखी एक पाहुणा ठाण मांडून बसलेला होता, त्याचाच पहिला अल्बम. प्रत्येक सूर त्याच्याशी ताडून पाहिला जाणार हे ठरलेलं. शिवाय तो आवाज आता नवाही राहिला नव्हता. दहा वर्षांत रेडिओवर तो इतक्यांनी उचलला की खुद्द शोल्झ वाजवू लागला तरी ओळखीचाच वाटावा.

गन्स एन’ रोझेस या बँडचंही काहीसं असंच. लॉस एंजेलिसच्या क्लबांतून घासून निघालेली बारा गाणी १९८७ मध्ये ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ म्हणून आली, वर्षभरानंतर पहिल्या क्रमांकावर गेली आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला पहिला अल्बम ठरली. १९९१ मध्ये त्यांनी एकाच दिवशी दोन अल्बम काढले, मिळून तीस गाणी. त्या तिसांत बारा उत्तम गाणी नक्की आहेत. पण निवडायला लावणारी गरज उरली नव्हती.

मँचेस्टरच्या स्टोन रोझेस या बँडचा पहिला अल्बम १९८९चा. त्याच्या मुखपृष्ठावर गिटारवादक जॉन स्क्वायरनं स्वतः रंगवलेलं चित्र आहे आणि त्यात लिंबाच्या चकत्या आहेत. १९६८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर आंदोलन करणारे विद्यार्थी अश्रुधुरावर उतारा म्हणून लिंबू जवळ बाळगत, त्याची ती आठवण. कंपनीशी कोर्टकचेरी झाली आणि दुसरा अल्बम यायला १९९४चा डिसेंबर उजाडला. तोवर त्या सुरांचा मोसम उलटून गेला होता. मला त्या बँडसाठी आजही हळहळ वाटते.

पण मला सर्वांत अचंबा वाटतो तो न्यूयॉर्कच्या ‘टेलिव्हिजन’ या बँडचा. शोल्झनं एकेका सुरावर महिने घातले, यांची तऱ्हा अगदी उलटी. १९७४ पासून हा बँड सीबीजीबी नावाच्या कळकट बारमध्ये वाजवत होता. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड हे दोघे गिटारवादक. रॉकमध्ये सहसा एक गिटार ठेका धरते आणि दुसरी मिरवते. इथे दोन्ही बोलतात, दोन्ही ऐकतात. जुगलबंदी हा शब्द मी जपून वापरतो, पण इथे तोच योग्य आहे. एक जण प्रश्न टाकतो, दुसरा त्याला थेट उत्तर न देता बाजूनं वेढा घालतो, आणि दोघांच्या मधल्या फटीतून तिसरीच एक चाल ऐकू येऊ लागते जी दोघांपैकी कोणीच वाजवत नसतो.

१९७६ मध्ये ते रेकॉर्डिंगला बसले. सोबतीला अँडी जॉन्स होता, लेड झेपेलिन आणि रोलिंग स्टोन्सचं काम केलेला इंजिनिअर. त्यानं सवयीप्रमाणे ड्रमचा आवाज झेपेलिनसारखा घुमणारा, दांडगा करून ठेवला. व्हर्लेननं तो काढायला लावला. कोरडा, जवळचा, बारमध्ये पुढच्या टेबलावर बसून ऐकू येईल असा आवाज त्याला हवा होता. मग ‘मार्की मून’ हे दहा मिनिटांचं गाणं त्यांनी वाजवलं. संपलं तेव्हा ड्रमवादक बिली फिका समजत होता की ही तर तालीम झाली, आता खरं रेकॉर्डिंग करू. व्हर्लेननं पुन्हा वाजवायला नकार दिला. जगात आज ऐकलं जातं ते तेच, पहिल्या खेपेचं वादन.

एका दमात दहा मिनिटं आणि चूक नाही, हा चमत्कार वाटतो. पण त्या दहा मिनिटांमागे बारमधली सुमारे अडीच वर्षं उभी होती. शोल्झ टेपवर मुरवत होता, हे लोकांपुढे मुरवत होते, एवढाच काय तो फरक.

‘मार्की मून’ याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, अमेरिकेत खपला फार थोडा. दुसरा अल्बम ‘ॲडव्हेंचर’ चौदा महिन्यांत आला, आणि काही महिन्यांतच बँड फुटला. ‘ॲडव्हेंचर’ वाईट नाही, दुसऱ्या कुणाचा असता तर लोकांनी त्याचं कौतुकच केलं असतं. पण त्याआधी ‘मार्की मून’ येऊन गेला होता.

आज रात्री हेडफोन लावून ‘मार्की मून’ हे गाणं ऐका. सुरुवातीला एका कानात एक गिटार एकटीच येते, मग दुसऱ्या कानात दुसरी तिला उत्तर देते. एक कान मोकळा करून बघा, मग दुसरा, आणि मग दोन्ही. एक मात्र तपासून घ्या. जुन्या एलपीवर हे गाणं शेवटाला पोचण्याआधीच दहा मिनिटांच्या आत हळूहळू विरून जातं. नंतरच्या सीडीवर ते पूर्ण आहे, १० मिनिटं ४० सेकंद. पूर्ण ऐका.