रिव्हर्सल चित्रपट-फिल्म : ओळख व संस्करण

कॅमेऱ्यात प्रकाश पडलेल्या पट्टीवरच रासायनिक संस्करणाने पॉझिटिव्ह म्हणजे सम प्रतिमा मिळते, अशा फिल्मला रिव्हर्सल फिल्म म्हणतात. निगेटिव्ह फिल्मवर प्रथम व्यस्त प्रतिमा उमटते आणि तिच्यावरून प्रती काढता येतात. रिव्हर्सल फिल्मच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच प्रक्षेपकावर दाखविली जाते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे एब्राहम झप्रूडर यांनी केलेले केनेडी यांच्या हत्येचे चित्रण अशाच एका ८ मिमी. कोडाक्रोम पट्टीवर झाले होते. मूळ पट्टी एकमेव असल्याने चुकीच्या संस्करणाने गेलेली प्रतिमा परत मिळत नाही. म्हणून जुन्या फिल्मची जात आधी ठरवावी लागते.

इतिहास : कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये हौशी चित्रणासाठी १६ मिमी. रुंदीची कृष्णधवल रिव्हर्सल फिल्म आणली. त्यानंतर ८ मिमी. (१९३२), रंगीत कोडाक्रोम (१९३५) व सुपर ८ (१९६५) या फिल्म प्रचारात आल्या. व्हिडिओ फीत रूढ होण्यापूर्वी दूरचित्रवाणीच्या बातम्यांसाठीही रिव्हर्सल फिल्म वापरीत.

ओळख : संस्करण न झालेली फिल्म उजेडात उघडता येत नाही, त्यामुळे डबा, रीळ व त्यांवरील संस्करणाचे नाव यांवरच प्रथम भिस्त असते. डबा बदललेला असण्याची शक्यता असल्याने अंधारात छोटा तुकडा कापून त्याची चाचणी घेतात. न चिरलेली दुहेरी ८ मिमी. फिल्म १६ मिमी. रुंद असते, पण तिच्या काठांवर नेहमीच्या १६ मिमी. फिल्मच्या दुप्पट छिद्रे असतात. संस्करण झालेल्या मूळ रिव्हर्सल पट्टीचे काठ काळे दिसतात, तर निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीचे काठ सामान्यतः पारदर्शक असतात. कोडॅक फिल्मच्या काठावरील वर्तुळ, चौरस, त्रिकोण या खुणांवरून निर्मितीचे वर्ष कळते. या खुणा २० वर्षांनी पुन्हा येत. एक वर्तुळ १९१६, १९३६ वा १९५६ दर्शवू शकते. कोडाक्रोम फिल्मवर ते असल्यास १९१६ आपोआप बाद ठरते. खूण निर्मितीचे वर्ष सांगते, चित्रणाचे नव्हे.

संस्करण : कृष्णधवल फिल्मवर पहिल्या विकासकाने चांदीची व्यस्त प्रतिमा तयार होते. पोटॅशियम डायक्रोमेट व सल्फ्यूरिक अम्ल यांच्या विरंजक विद्रावात ती चांदी विरघळते. सोडियम सल्फाइटाने पट्टी स्वच्छ करून उरलेल्या सिल्व्हर हॅलाइडावर पुन्हा प्रकाश पाडतात आणि दुसऱ्या विकासकाने सम प्रतिमा मिळवितात. एक्टाक्रोम फिल्मच्या पायसात रंग निर्माण करणारे घटक आधीच असतात, तर कोडाक्रोमच्या बाबतीत ते विकासकांतून पुरवावे लागत व तीन रंगांसाठी तीन स्वतंत्र विकसने करावी लागत. कोडाक्रोमच्या पाठीवरील काजळीचा थरही काढावा लागे.

जुन्या एक्टाक्रोमचे पायस कमी तापमानाच्या संस्करणासाठी बनविलेले असे. आजच्या ई-६ संस्करणाच्या सु. ३८° से. तापमानात ते मऊ होऊन सुटू शकते. फिल्म जुनी होताना तिच्यावर धूसरता चढते. रिव्हर्सल संस्करणात ही धूसरता पहिल्या विकासकात चांदी बनून विरंजकात निघून जाते. परिणामी सम प्रतिमेसाठी हॅलाइड कमी उरते आणि काळा भाग करडा दिसतो. म्हणून जुनाट पट्टीचे कृष्णधवल निगेटिव्ह म्हणून विकसन करणे बहुधा अधिक सुरक्षित असते : धूसरता सर्वत्र सारखी चढलेली असल्यास प्रत काढताना तिची भरपाई करता येते.

कोडाक्रोमचे रंगीत संस्करण करणाऱ्या, अमेरिकेच्या कॅनझस राज्यातील पार्सन्झ येथील अखेरच्या व्यापारी प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस अशा फिल्म स्वीकारणे थांबविले. तेव्हापासून न धुतलेल्या कोडाक्रोम पट्टीवरील चित्रण सामान्यतः केवळ कृष्णधवल रूपातच वाचविता येते.