दगडफुलाला विचारा, हवा कशी आहे?

आजीच्या मसाल्याच्या डब्यातून दगडफुलाचा एक तुकडा मागून घ्या. हो, गोड्या मसाल्यात घालतात तेच. वरून राखाडी, खालून काळं, कडा कातरलेल्या, वाळक्या पानासारखं हलकं. नाव फूल, पण हे फूल नव्हे आणि पानही नव्हे! बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला हा संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते आणि शेवाळ उन्हात दोघांचं अन्न तयार करतं.

दगडफुलाला मुळं नसतात. पानांवर असतो तसा मेणाचा लेपही नसतो. पाणी, क्षार, सगळं हवेतून आणि पावसातून थेट अंगात शोषायचं. हवेत विष असलं तर तेही! म्हणून हवा बिघडली की झाडांच्या आधी दगडफुलं जातात. 1866 साली विल्यम निलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये हे टिपलं. तिथल्या लक्झेंबर्ग बागेत दगडफुलांच्या कितीतरी जाती होत्या, शहरात इतरत्र मात्र त्या सापडत नव्हत्या. तेव्हा रस्त्यावर मोटारी नव्हत्या, धूर होता तो कोळशाचा.

आज चौकात धूर आहे गाड्यांचा. मग आपणही बघूया की! सिग्नलजवळचं एक आंब्याचं झाड निवडा आणि आतल्या गल्लीतलं तेवढंच जाडजूड दुसरं. (मोठ्या माणसाला सोबत न्याच.) खोडांवर पांढरट-हिरवट पापुद्रे दिसतात? ते मसाल्यातल्या दगडफुलाचे चिवट भाऊबंद, बरंच काही सोसणारे. पानांसारखं सुटं, झालरीचं दगडफूल दिसलं तर मात्र हवा पुष्कळ बरी समजा.

आता दोन्ही झाडांचं एकेक जून पान ओल्या कापसाने पुसा. पाऊस पडून गेल्यावर लगेच नको, सगळं धुतलेलं असतं. मी पुसलं तेव्हा गल्लीतल्या पानाचा कापूस मातकट निघाला आणि सिग्नलवरच्याचा काजळासारखा. त्या काजळीत नुसता धूर नसतो. टायर झिजून उडालेली भुकटी असते, ब्रेक घासून सुटलेले लोखंडाचे कण असतात. शास्त्रज्ञ तर पानांवरच्या धुळीचं चुंबकत्व मोजून रहदारीचं प्रदूषण ओळखतात!

पण खरे त्रासदायक कण कापसावर वेगळे दिसतच नाहीत. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा भाग. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसात खोल उतरतात. आपल्या देशाच्या नियमानुसार दर घनमीटर हवेत हे कण 24 तासांच्या सरासरीने 60 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. म्हणजे किती? मीटरभर लांब, रुंद आणि उंच खोका घ्या. त्यात बारीक मिठाचा एकच दाणा भुकटी करून उधळा. बस, जवळजवळ तेवढंच!

आज जेवायला बसाल तेव्हा तो एक दाणा बोटावर घेऊन बघा.