न पडणारी दाढ

हैदराबादचं वार्तापत्र

तेलुगूत एक फळ म्हणजे ‘पंडु’ आणि एक दात म्हणजे ‘पन्नु’. अनेकवचनात मात्र दोघांचंही ‘पळ्ळु’ होतं. इथल्या जामबाग वस्तीत मुलीकडे राहायला आलो त्या वर्षी शेजारच्या आजींनी नातवाच्या ‘पळ्ळु’ची चौकशी केली, तेव्हा मी कौतुकानं टोपलीतले पेरू पुढे केले. आजी हसत हसत म्हणाल्या, “जाम नक्को, दाँत दिखाव.” इथल्या दख्खनी बोलीत जाम म्हणजे पेरू. आणि ‘नक्को’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. ते आपलंच ‘नको’ या शहरानं केव्हातरी उचलून घेतलं आणि एक ‘क’ जास्त लावून वापरात ठेवलं.

जामबागेत मराठी माणूस अगदीच परका नसतो. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि आमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी हीच होती. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 साली सुरू केलेली विवेकवर्धिनी आजही याच जामबागेत आहे. तरीही परमुलूख तो परमुलूख. लहान मुलाला घेऊन दंतवैद्याकडे जावं लागलं की त्याची खरी ओळख होते.

नातू सात वर्षांचा. जेवताना तो एकाच बाजूनं चावतो, हे आधी त्याच्या आईच्या लक्षात आलं. आ करायला लावलं तर खाली, अगदी मागच्या दाढेला काळा खड्डा. आम्ही घरातले चारही मोठे एका सुरात म्हणालो, “दुधाची दाढ आहे, पडणारच आहे.” शेजारच्या आजींनीही मान डोलावली. त्यांच्याकडे दुधाच्या दातांना ‘पाल पळ्ळु’ म्हणतात. वरच्या मजल्यावरचं उर्दूभाषक कुटुंब ‘दूध के दाँत’ म्हणतं. तीन भाषांनी या दातांना एकच नाव दिलंय आणि तिन्ही भाषांत त्या नावामुळे एकच गैरसमज होतो: दुधाचे ते तात्पुरते, आणि तात्पुरत्याची काळजी कशाला.

ती दाढ दुधाची नव्हती. बाळाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास त्या सगळ्यांच्या मागे, नव्या जागी, चार पक्क्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही. समोरचा दात हलायला लागला की घरभर बातमी होते, पडलेला दात उंदराला देण्याचा समारंभ होतो. ही दाढ मात्र गुपचूप येते. वरून खोल खाचांची, पुरती टणक न झालेली, आणि मुलाच्या ब्रशच्या टप्प्याबाहेरची. पक्क्या दातांत ती सगळ्यात आधी किडते ते याच कारणानं. आपल्याकडेही अनेक मुलांची ही दाढ ‘दुधाचीच’ म्हणून जाते.

कोठीजवळच्या एका बालदंतवैद्य बाईंकडे गेलो. आत शिरताच नातवानं शहराला आपणच दिलेला शब्द शहराला परत केला: “नको!” बाई म्हणाल्या, “नक्को तो नक्को. पहले मेरी कुर्सी देखो.” पुढची दहा मिनिटं त्यांनी दाताला हात लावला नाही. खुर्ची खाली-वर केली. पाण्याचा फवारा त्याच्या तळहातावर मारला. फिरणारा ब्रश आधी त्याच्या नखावर चालवला. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ही रीत 1959 साली ॲडलस्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं मांडली आणि आज जगभरचे बालदंतवैद्य तीच शिकतात. इथे फरक एवढाच की ‘सांगायचं’ हे काम तीन भाषांत चालतं. आमच्या आधीच्या तेलुगू मुलीला त्या “बंगारम, नोरु तेरुवु” म्हणाल्या. म्हणजे, सोन्या, तोंड उघड. मग “भयपडकु”, भिऊ नकोस. आमच्या वाट्याला दख्खनी आली. ती मराठी कानाला निम्मी कळते आणि उरलेली निम्मी सुरावरून.

बाईंनी आम्हाला एक गोष्ट बजावली. घरातून निघताना “दुखणार नाही, सुई नाही” असं सांगायचं नाही. मुलानं विचारलेलं नसतं, आणि ‘सुई’ एवढा एकच शब्द ते उचलतं. मस्ती केली तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचवीन, हा आपल्या घरोघरीचा धाक तर त्याहून वाईट. त्याची किंमत पुढे याच खुर्चीत मोजावी लागते.

दाढेचं निदान ऐकून मात्र मोठ्यांचे चेहरे उतरले. कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचत आली होती. ही दाढ तोंडात उगवते तेव्हा तिची मुळं पुरी झालेली नसतात, व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. नस जिवंत राहिली तरच मुळं वाढतात. म्हणून वरचा सडका भाग काढून, खालची नस वाचवून, औषध घालून दाढ बंद केली. उरलेल्या तीन दाढांच्या खाचा पातळ लेपानं बुजवल्या, म्हणजे अन्न अडकायला जागाच राहू नये. लेपाला काही मिनिटं लागली. तोच वर्षभर आधी केला असता तर चौथ्या दाढेला सुई लागलीच नसती.

सुई लागली, पण आधी हिरडीवर बधिरतेची जेली लावून. त्या वेळी मला या वस्तीचा इतिहास आठवला. इथून पुतलीबावली ओलांडून अफझलगंजकडे चालत गेलं की मुसीकाठी उस्मानिया रुग्णालय येतं. शासकीय दंत महाविद्यालयही त्याच भागात आहे, आणि खाजगी दवाखाना परवडत नाही अशी किती तरी घरं मुलांचे दात घेऊन तिथेच जातात. वेदनेवर जगानं या शहराचं ऐकावं असा एक काळ होता. 1888 आणि 1889 साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. त्यांच्यामागे होते रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी. दुसऱ्या आयोगाला निजाम महबूब अली खान यांनी पैसा पुरवला आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’नं लॉडर ब्रंटन या नामांकित वैद्याला इथे धाडलं. आयोगानं निकाल दिला की क्लोरोफॉर्मच्या धोक्यात आधी श्वास जातो, म्हणून नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा. हृदयही अचानक थांबू शकतं, हे पुढे सिद्ध झालं आणि लॉरींचा निकाल अपुरा ठरला. पण याच शहरातल्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जातात. नातू हिरडीवर जेलीचा बोळा धरून बसला होता, तेव्हा त्याच्या आजूबाजूला एवढं सगळं होतं.

पुढच्या खेपेला तीन वर्षांची नातही बरोबर आली, दुखणं नसताना. बाई आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसल्या. पोरगी आईच्या मांडीवर आणि डोकं बाईंच्या मांडीत. आईचा चेहरा वर दिसत राहतो, म्हणून ती रडली ती अर्धंच. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. हीच किडीची पहिली पायरी, आणि इथून माघारी फिरता येतं. बाईंनी दातांवर फ्लोराइडचा लेप फिरवला, रात्रीची दुधाची बाटली बंद करायला सांगितली. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या दातांवर दूध रात्रभर साचून राहतं, त्यात साखर असली की काम आणखी लवकर होतं. खोकल्याच्या गोड औषधाचंही तेच. दिल्यावर पाणी पाजायचं आणि दात पुसायचे.

फ्लोराइड हा शब्द या राज्यात सहज उच्चारता येत नाही. शेजारच्या आजी नलगोंड्याच्या. तो जिल्हा इथून शंभरेक किलोमीटरवर. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतकं की पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे पक्के दात तपकिरी डाग घेऊनच उगवले आणि किती तरी मोठ्यांची हाडं वाकली. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, त्यापुढे ते बाधतं. गंमत म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून काढण्याच्या पद्धतीला जगभर ‘नलगोंडा तंत्र’ म्हणतात, आणि ते शोधलं आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनं. अलीकडे मिशन भगीरथ योजनेनं तिथे नदीचं पाणी पोचवलं. पण आजींच्या मनातला धसका गेलेला नाही. नातवंडांना त्या फ्लोराइडची पेस्ट लावू देत नाहीत.

त्यांचं सगळंच चुकत नाही. डाग पडतात ते दात हिरडीखाली घडत असताना, म्हणजे आठ वर्षांच्या आत, आणि पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे. लहान मूल पेस्ट गिळतं. म्हणून उपाय पेस्ट बंद करण्यात नाही, मापात आहे: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली असते ती पाहून घालू नये. घरात बोअरचं पाणी पीत असाल तर ते तपासून घ्यावं. नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, कारण नलगोंड्याचं दुखणं त्यांच्याही काही गावांत आहे.

आता या शहराच्या जिभेबद्दल. इथे चारच्या इराणी चहाबरोबर उस्मानिया बिस्किट येतं, खारट-गोड, चहात बुडवलं की विरघळणारं. मुलंही त्यात वाटेकरी. मोअज्जमजाही मार्केट इथून जवळ, आणि तिथल्या आइस्क्रीमवर आमच्या घराचा दर रविवारी हक्क. मी धसका घेतला होता की बाई हे सगळं बंद करतील. त्या म्हणाल्या, किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोजा. प्रत्येक गोड घासानंतर अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. रविवारचं एक आइस्क्रीम दातांना झेपतं. दिवसभर मुठीतून कुरतडलेली, दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसलेली बिस्किटं झेपत नाहीत.

आणि ब्रश मुलाच्या हाती देऊन मोकळं व्हायचं नाही. बुटाची नाडी स्वतः बांधता येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, दात मोठ्यांनी घासून द्यायचे. सकाळचे चुकले तर चालतील, रात्रीचे चुकायला नकोत. मराठवाड्यातल्या काही घरांत अजून दात घासायला मुलाच्या हातावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री ठेवतात. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, घरात भाजलेल्या मिश्रीला तो कायदा पोचत नाही. तिथे आईनंच नको म्हणायचं.

मूल वर्षाचं व्हायच्या आत त्याला एकदा दंतवैद्याला दाखवावं, असं जगभरचे बालदंतवैद्य सांगतात. तेव्हा दुखत नसतं, म्हणून पहिली ओळख वेदनेशिवाय होते. आम्ही सात वर्षांनी, खड्डा पडल्यावर गेलो. वाचकांनी आमच्यासारखं करू नये. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री झोपण्याआधी त्याला आ करायला लावा, मोबाइलचा दिवा पाडा आणि शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे बघा. तिथे नवी दाढ दिसली, तर ती पडणारी नाही. तीच त्याला सत्तर वर्षं पुरवायची आहे.