ड्राफ्ट झाला, आता संघ तपासा!

एनएफएल फँटसीचा ड्राफ्ट संपला की ॲप लगेच संघाला श्रेणी देऊन मोकळं होतं. त्यावर फार जाऊ नका. ती बहुतेक अंदाजित गुणांवर बेतलेली असते. मी आधी या चार गोष्टी बघतो:

१. गुणपद्धत: पीपीआर लीगमध्ये प्रत्येक झेलाला १ गुण. म्हणून भरपूर झेल घेणारा रनिंग बॅक इथे जास्त मोलाचा.

२. बाय वीक: १८ आठवड्यांत प्रत्येक एनएफएल संघ १७ सामने खेळतो, एक आठवडा सुट्टी. तुमचे दोन्ही मुख्य रनिंग बॅक एकदमच सुट्टीवर नाहीत ना?

३. राखीव फळी: रनिंग बॅकला दुखापती फार. बाकावर दुसरा किकर बसवण्यापेक्षा तुमच्या रनिंग बॅकच्या जागी उतरणारा बदली खेळाडू ठेवा.

४. बाद फेरी: बहुतेक लीगमध्ये ती १५ ते १७व्या आठवड्यात असते. तुमच्या खेळाडूंचे तेव्हाचे प्रतिस्पर्धी आत्ताच बघून ठेवा.

एखादी जागा लंगडी दिसली तरी घाईने ट्रेड करू नका. पहिले दोन-तीन आठवडे वेव्हरवर नजर ठेवा. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेले खेळाडू तिथूनच हाती लागतात.

पहिल्या सामन्याआधी तुमची यादी एकदा या कसोट्यांवर घासून बघाच!