जुन्या सडव्याचा गाळ

 भंडारा जिल्ह्यात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोह गळतो. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ती फुलं पाण्यात भिजवून आंबवली की सडवा तयार होतो: वर फेस, खाली मळकट दुधी गाळ आणि नाकात शिरणारा गोड-आंबूस वास. नव्या फुलांत जुन्या सडव्यातला थोडा भाग घालायची रीत मध्य भारतात आहे. दह्याला विरजण लावावं, तसाच हा प्रकार. या रीतीला गलिच्छ म्हणून मोडीत काढणं मला मुळीच पटत नाही.

कारण बिअर करणारेही हेच करतात. बिअरच्या एका बॅचमध्ये यीस्ट साधारण तीन ते पाच पट वाढतं आणि तळाशी बसतं. घरी बिअर करणारा हौशी माणूस तो थर काढून पुढच्या बॅचला लावतो, मोठे कारखानेही लावतात. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. त्यानंतरही कारखान्यांनी पुनर्वापर सोडला नाही. वाढ तीन ते पाच पट असताना ते फेकून कोण देईल? मोहाच्या बाबतीत आणखी एक फायदा दिसतो. सडव्यात नवसागर टाकतात, कारण त्यातला नायट्रोजन यीस्टला वाढायला लागतो. सुरुवातीलाच भरपूर जिवंत यीस्ट मिळालं तर त्याला तेवढं वाढावं लागत नाही, म्हणजे नवसागराची गरजही घटायला हवी.

जुन्या गाळातून जंतू येतात, हा आक्षेप खरा आहे. सडव्याची दारू गाळताना भट्टीत ते मरतात हे उत्तर मात्र अपुरं आहे, कारण त्यांनी आधीच तयार केलेलं आम्ल वाफेबरोबर दारूत उतरतं. म्हणून बिअरचे कारखाने यीस्ट आम्लाने धुतात आणि ठरावीक वापरांनंतर नवं आणतात. दोष पुनर्वापराचा नाही, निगा न राखण्याचा आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा. परवान्याविना दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरं विदर्भाला नवी नाहीत. पण महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले, मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. उद्या इथेही परवाने निघाले, तर पाकिटातलं परदेशी यीस्ट आणण्याआधी इथल्या सडव्यातलं यीस्ट तपासायला हवं. विदर्भाच्या उकाड्यात तगलेलं आहे ते.

राहिला प्रश्न साठवणीचा. बिअरचं यीस्ट थंडीत आठवडाभर टिकतं. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत माठातला गाळ लवकर मरतो, कुजतो. तेव्हा तो ठेवायचाच नाही. सडवा भट्टीवर चढवण्याआधी, चांगला वास येणाऱ्या माठातूनच वाटा काढायचा आणि त्याच दिवशी नव्या फुलांत घालायचा. एकदा उकळी फुटली की त्यात जिवंत यीस्ट उरत नाही.