झाडाचा बुडखा काढणे

झाड तोडल्यानंतर मुळांसह जमिनीत उरणाऱ्या खोडाच्या तळभागास बुडखा किंवा खुंट असे म्हणतात. हा भाग जमिनीतून समूळ किंवा अंशतः दूर करण्याच्या कामास बुडखा काढणे असे संबोधले जाते. मोकळ्या शेतात हे काम मोठ्या यंत्राने थोड्या वेळात होते. मात्र घराचा पाया, कुंपणभिंत, जलवाहिनी आणि शेजारची जिवंत झाडे यांनी वेढलेल्या निवासी जागेत मोठे यंत्र शिरू शकत नाही आणि बळाचा वापरही मर्यादेतच करावा लागतो. अशा ठिकाणी लघु उत्खनक, म्हणजेच मिनी एक्स्कॅव्हेटर, आणि त्याला लावता येणारी जोडसाधने वापरली जातात.

बुडख्याचे स्वरूप

बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे ६० सेंटिमीटरच्या थरात असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यामुळे बुडखा खोलवर रुतलेला असतो त्यापेक्षा आडवा अधिक जखडलेला असतो. गुलमोहराची मुळे उथळ व पसरट असतात आणि ती फरसबंदी उचलतात. नारळाला सोटमूळ नसते. त्याच्या बुंध्याच्या फुगीर तळातून दोरीसारखी असंख्य मुळे निघतात. नारळाला वाढीचा कोंब शेंड्याला एकच असल्याने तोडलेल्या नारळाला पुन्हा फुटवे येत नाहीत. याउलट निलगिरी व सुबाभूळ यांच्या बुडख्याला जोमाने फुटवे येतात.

कुजणारा बुडखा वाळवी व बुरशी यांचे आश्रयस्थान ठरू शकतो. नारळाच्या कुजक्या खोडात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात, तर गॅनोडर्मा बुरशीने मेलेल्या माडाचा बुडखा शेजारच्या माडांना रोगाचा संसर्ग पोहोचवू शकतो. कोकण व गोव्यातील घराभोवतालच्या माडबागांत बुडखा काढण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असते.

इतिहास

यंत्रे येण्यापूर्वी कुदळ, पहार व कुऱ्हाड यांनी मुळे उघडी करून तोडणे आणि बैलांच्या किंवा कप्पीच्या साहाय्याने बुडखा ओढून काढणे ही पद्धत रूढ होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत शेतजमीन मोकळी करण्यासाठी डायनामाइटचाही वापर होत असे. १९५०च्या दशकात बुडखा जागच्या जागी किसून काढणारी यंत्रे तेथे प्रचारात आली. लघु उत्खनकाचा विकास मुख्यतः जपानमध्ये झाला. तेथील दाट वस्तीत व अरुंद गल्ल्यांत काम करू शकेल अशा यंत्राची निकड होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील कंपन्यांनी अशी यंत्रे बाजारात आणली.

यंत्राची निवड

महाराष्ट्रात बोलीभाषेत पट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनकाला ‘पोकलेन’ आणि चाकांच्या बॅकहो लोडरला ‘जेसीबी’ म्हणतात. ही दोन्ही मुळात कंपन्यांची नावे होत. नेहमीच्या बॅकहो लोडरचे वजन सात टनांच्या पुढे आणि रुंदी दोन मीटरहून अधिक असते. त्या मानाने सुमारे १ टनाच्या लघु उत्खनकाची रुंदी पट्टे आत ओढल्यावर ७० ते ७५ सेंटिमीटर भरते, म्हणजे ते साध्या फाटकातून आत जाऊ शकते. १.७ टनाच्या यंत्राला साधारण १ मीटर वाट लागते. काही यंत्रांचा मागचा भाग फिरताना पट्ट्यांच्या रुंदीबाहेर येत नाही. भिंतीलगतच्या कामाला अशी यंत्रे सोयीची ठरतात.

आकाराबरोबर बळही घटते. १.७ टनाच्या यंत्राच्या बकेटचे उपटण्याचे बळ सुमारे १५ किलोन्यूटन असते. जिवंत मुळांनी धरलेला मोठा बुडखा एवढ्या बळाने उपटला जात नाही. तसा प्रयत्न केल्यास बुडख्याऐवजी यंत्रच उचलले जाते. म्हणून लहान यंत्राने काम करताना आधी मुळे तोडणे, नंतर बुडख्याचे तुकडे करणे आणि शेवटी ते उचलणे हा क्रम पाळला जातो.

जोडसाधने

रिपर: एकाच जाड, वाकड्या दाताचे साधन. ते मातीत घुसवून आपल्याकडे ओढले असता मुळे तुटतात.

अरुंद बकेट: मुळांभोवतीची माती काढून चर खणण्यासाठी वापरतात.

अंगठा: बकेटसमोर बसवलेला चिमट्यासारखा भाग. तुटलेली मुळे व लाकडाचे तुकडे पकडून उचलण्यास तो उपयुक्त असतो.

फोडणारे साधन: यात दोन प्रकार आहेत. एकात धारदार आकडा लाकडाला चिरत जातो, तर दुसऱ्यात फिरणारा शंकूच्या आकाराचा स्क्रू लाकडात शिरून ते फाडतो.

किसणी: कठीण धातूचे दात बसवलेले, वेगाने फिरणारे चाक. ते बुडख्याचा भुसा करते. यासाठी यंत्राला जादा हायड्रॉलिक वाहिनी असावी लागते आणि तेलाचा प्रवाह किसणीच्या गरजेइतका आहे की नाही हे आधी तपासावे लागते. प्रवाह अपुरा पडल्यास चाक वारंवार अडकते.

कार्यपद्धती

प्रथम फाटकाची रुंदी, वळणे, वरून जाणाऱ्या तारा आणि भिंतींची अंतरे मोजली जातात. त्यानंतर जमिनीखालील वीजतारा, जलवाहिनी, मलवाहिनी व गॅसवाहिनी यांचा शोध घेतला जातो. भारतात खोदकामाची पूर्वसूचना वाहिन्यांच्या मालकांना देण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू करण्यात आले. अमेरिकेत याच हेतूने ८११ हा दूरध्वनी क्रमांक २००७ पासून वापरात आहे. इमारतीच्या आवारातील खाजगी वाहिन्या नकाशावर नसण्याची शक्यता असल्याने संशयाच्या जागी हाताने चाचणी खड्डा घेणे आवश्यक असते. मुळे अनेकदा जुन्या नळांना विळखा घालून असतात. असे मूळ यंत्राने ओढल्यास नळही त्याबरोबर निघतो.

फरशीवर जाड प्लायवूडच्या फळ्या अंथरून यंत्र आत नेले जाते. इमारतीच्या किंवा भिंतीच्या बाजूची मुळे सर्वप्रथम करवतीने तोडली जातात. यामुळे नंतरच्या ओढीचा ताण पायापर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर उरलेल्या बाजूंनी चर खणून मुळे उघडी करतात व रिपरने तोडतात. बुडखा हलू लागल्यावर तो जागीच फोडून तुकड्यांनी बाहेर काढला जातो. झाड तोडतानाच १ ते १.५ मीटर उंचीचे खोड ठेवल्यास तरफेचा लाभ मिळतो. मात्र किसणी वापरायची असल्यास खोड जमिनीलगत कापणे इष्ट ठरते.

किसण्याच्या पद्धतीत बुडखा साधारणतः जमिनीखाली १५ ते ३० सेंटिमीटरपर्यंतच काढला जातो आणि खालची मुळे तशीच राहतात. पायाजवळ खोल खड्डा टाळायचा असेल तेव्हा ही पद्धत अधिक सुरक्षित असते. परंतु त्या जागी भिंत किंवा फरशी बांधायची असल्यास कुजणाऱ्या मुळांमुळे जमीन पुढे खचू शकते. खड्डा भुशाने न भरता माती किंवा मुरूम पातळ थरांत टाकून, प्रत्येक थर ठोकून भरला जातो. ताजा भुसा मातीत मिसळल्यास तो कुजताना जमिनीतील नत्र तात्पुरते अडकून पडते व नवी रोपे पिवळी पडतात.

जमीन आणि पाया

दख्खनच्या पठारावरील काळी माती ओलाव्याने फुगते व कोरडी पडल्यावर आक्रसते. मोठे झाड अशा मातीतील पाणी सतत शोषून घेत असते. झाड तोडल्यावर हे शोषण थांबते, ओलावा हळूहळू परत येतो आणि माती फुगून पाया वर उचलला जाऊ शकतो. झाड इमारतीपेक्षा जुने असल्यास हा धोका अधिक असतो. ही प्रक्रिया बुडखा काढण्याने नव्हे, तर झाड तोडण्याने सुरू होते आणि काही वर्षे चालू राहू शकते. त्यामुळे अशा जमिनीत इमारतीलगतच्या मोठ्या झाडाविषयी निर्णय घेण्याआधीच संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे श्रेयस्कर असते.

सुरक्षितता

लघु उत्खनक पट्ट्यांच्या आडव्या दिशेने ओढताना सर्वात अस्थिर असते. म्हणून पट्टे बुडख्याच्या दिशेने ठेवून व पुढचे पाते जमिनीवर टेकवून काम केले जाते. ताणलेले मूळ तुटताना फटक्यासारखे उसळते, तर किसणीतून खडे व लाकडाचे तुकडे दूरवर उडतात. यास्तव यंत्राच्या फिरण्याच्या कक्षेत कोणीही उभे राहू नये, आडोसा लावावा आणि जोडसाधन बदलताना इंजिन बंद करून हायड्रॉलिक दाब उतरवावा, असे नियम पाळले जातात. कुंपणभिंतीच्या पायाखालील माती निघाल्यास भिंत कोसळू शकते. खड्ड्यात उतरून मुळे तोडणाऱ्या मजुराला हा सर्वात मोठा धोका असतो.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्रातील नागरी भागांत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी घ्यावी लागते. या कायद्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश होतो. बुडखा काढताना शेजारच्या जिवंत झाडाची मुळे तोडली जाण्याचा संभव असल्याने ही व्याख्या येथेही लक्षात घ्यावी लागते. २०२१ मधील सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गोव्यात १९८४ चा गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण अधिनियम लागू आहे.

पर्याय

प्रत्येक बुडखा काढलाच पाहिजे असे नाही. रोगट नसलेला आणि वाटेत न येणारा बुडखा तसाच ठेवल्यास तो काही वर्षांत कुजून मातीत मिसळतो. दरम्यान कीटक, बुरशी व पक्षी यांना त्याचा आधार मिळतो. बुडख्याला भोके पाडून त्यांत सोरा भरल्यास कुजण्याचा वेग वाढतो असे मानले जाते, पण या पद्धतीलाही दीर्घकाळ लागतो. बुडखा जाळणे वस्तीत धोक्याचे असते, कारण मुळांतील आग जमिनीखाली धुमसत राहू शकते. त्याच जागी नवे झाड लावायचे असल्यास मात्र बुडखा मुळांसह काढून खड्ड्यात ताजी माती भरणे, किंवा रोप थोड्या अंतरावर लावणे, हे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात.