ऑइलमध्ये पाणी: कूलंटचं की समुद्राचं?

मांडवा-गेटवे फेरीबोटींसारख्या बोटींच्या डिझेल इंजिनांत बहुधा दोन प्रकारचं पाणी खेळतं: आत बंद फेऱ्यातलं कूलंट आणि हीट एक्स्चेंजरमध्ये त्याला थंड करणारं खारं पाणी. ऑइलमध्ये कुठलं शिरलं, हे आधी ठरवा.

• डिपस्टिक: ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी आपोआप चढली, तर इंजिन सुरू करू नका. कूलंटची टाकीही पाहा.

• फिलर कॅप: फक्त झाकणाखाली पांढुरका थर असेल, तर तो पावसाळ्यात उभ्या बोटीतला दमटपणाही असू शकतो.

• तापल्या पत्र्यावर थेंब: तडतडला तर बहुधा पाणी आहे. शांत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. पाणी उडून जातं, कूलंटमधलं ग्लायकॉल मागे राहतं.

• प्रयोगशाळा: नव्या ऑइलशी तुलना करा. सोडियमबरोबर पोटॅशियम वाढलं तर संशय कूलंटवर, मॅग्नेशियम वाढलं तर समुद्रावर.

• गळतीची जागा: कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून ऑइल कूलर, हेड गॅस्केट आणि लायनरचे सील तपासा.

नुसतं ऑइल बदलून भागत नाही. गळती राहिली तर ग्लायकॉल बेअरिंग खातं, आणि इंजिन भर समुद्रात बंद पडू शकतं.